तीन किलो सहाशे चाळीस

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने बाथरूममध्ये ठेवतात तसले दोन वजनकाटे विकत आणायला सांगितले, तेव्हा मी तिला घराबाहेर काढायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. पंचवीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतोय. दुकानातले, दवाखान्यातले, गोदामातले, भरलेला ट्रक उभा राहतो एवढे मोठेसुद्धा. आणि माझ्या घरात तो सकाळी एक आणि संध्याकाळी भलतंच सांगणारा प्लास्टिकचा डबा येणार? बायको म्हणाली, तुम्ही कोण लागून गेलात हे तिला बिचारीला काय माहीत, आणि तिने दुकानातून दोन चांगले काटे उचलून आणले. दीडशे किलोपर्यंत घेणारे, वीस-वीस ग्रॅमने सांगणारे, लाल आकड्यांचे.

आमचं घर आणि दुकान एकच. पुढे दुकान, मध्ये दार, मागे दोन खोल्या. त्यातल्या खिडकीच्या खोलीत धरून उभं राहायला लोखंडी नळीचे दोन कठडे ठोकून घेतले होते. त्यांच्यामध्ये हे दोन काटे शेजारी शेजारी ठेवले. उजव्या काट्यावर माझा पाय, डाव्यावर कारखान्यातून आलेला. दोन्हीकडे सारखा भार टाकायला शिकायचं. ज्या दिवशी डावा काटा निम्मं दाखवेल त्या दिवशी तुम्ही चालाल काका, असं ती मुलगी म्हणायची. मी एकोणपन्नासचा आहे, तिचा काका कसा झालो ते तिलाच ठाऊक.

डावा पाय गुडघ्याखाली चार बोटं ठेवून गेला. ट्रकच्या काट्याखाली खड्डा असतो, त्यात उतरून काम करावं लागतं. जॅक घसरला, आणि वरचं लोखंड पावलावर येऊन बसलं. जॅक मीच लावला होता, त्यामुळे शिव्या घालायलाही दुसरं कोणी नाही. त्याला तेव्हा साडेपाच महिने झाले होते. जखम केव्हाच भरली होती. दुखत होता तो पाय.

हे लोकांना समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. पाय नाही हे मला दिसत होतं, मला वेड लागलेलं नव्हतं. पण लोखंड बसलं त्या क्षणी बुटात बोटं जशी वळली, तशीच ती अजून वळलेली होती. अंगठा शेजारच्या बोटाखाली गेलेला. तळव्यात पेटका. सगळं जसंच्या तसं, फक्त पाय सोडून. डॉक्टर म्हणाले असं पुष्कळांना होतं. व्यायामवाल्या मुलीने आरसा आणला. उजवा पाय आरशात बघायचा, तो डावा आहे असं समजायचं आणि बोटं सोडायची. पुष्कळांना गुण येतो म्हणे. मला आरशात उजवाच पाय दिसायचा. ती चिडली नाही, एवढंच म्हणाली की दुखणं जावं पण पायाची जाणीव जाऊ नये, जाणीव असली की माणूस नव्या पायावर चांगला चालतो.

तर कारखान्याच्या पायावर जरा भार दिला की ही बोटं अशी कळवळून उठायची की माझे हात कठड्यावर पांढरे पडायचे. डाव्या काट्याने आठ किलोच्या वर कधी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे दिले होते. तोवर दुखणं बसलं नाही तर पुन्हा उघडू, आणि या वेळी गुडघ्याच्या वर, असं त्यांनी औषधाची वेळ सांगावी तसं सांगितलं. गुडघा असला तर माणूस जिना चढतो, उकिडवा बसतो, खड्ड्यात उतरतो. गुडघा गेला की मी खुर्चीत बसून दुसऱ्यांना स्क्रू कुठला पिळायचा ते सांगणार. मला भीती वाटत होती. मी ते बायकोला सांगितलं नाही आणि तिला ते सांगायची गरजही नव्हती.

आता काट्यांबद्दल. माणूस दोन काट्यांवर उभा राहिला की तो डुलतो. डावीकडचं वाढतं, उजवीकडचं तेवढंच कमी होतं. बेरीज मात्र हलत नाही. माझी बेरीज, कारखान्याच्या पायासकट, एकाहत्तर किलो दोनशे ग्रॅम. सवयच आहे म्हणून मी रोज ती वहीत लिहायचो. चौथ्या दिवशी बेरीज चौऱ्याहत्तर किलो आठशे चाळीस आली. मी उतरलो, पुन्हा चढलो. तेवढीच. दहा मिनिटांनी एकाहत्तर दोनशे.

व्यायामवाली म्हणाली, जेवून उभे राहिलात का काका? म्हटलं, बाई, साडेतीन किलो जेवलो असतो तर उभा राहिलो असतो का? ती हसली. मला हसू येत नव्हतं. मी दोन्ही काट्यांवर सरकारी शिक्क्याची वजनं ठेवून बघितली. बरोबर. काट्यांची अदलाबदल केली. तेच. आठवडाभर वही ठेवल्यावर दिसलं ते असं: दुखणं जोरात असलं की बेरीज तीन किलो सहाशे चाळीसने जास्त. दुखणं दबलेलं असलं की नेमकी. मधलं काही नाही. तीन सहाशेही नाही आणि तीन सातशेही नाही.

मी डॉक्टरांना फोन केला आणि आडून आडून विचारलं, की माझा जो भाग काढला त्याचं वजन साधारण किती असेल? ते म्हणाले साडेतीन-पावणेचार किलो असेल, का हो? म्हटलं काही नाही, सहज.

बायकोला सांगावं की नाही याचा मी तीन दिवस विचार करत होतो. ती माझ्यासारखीच काट्यांत वाढलेली, तिचे वडील माझे उस्ताद. अंगात येणं, दृष्ट लागणं असल्या गोष्टींना ती दारातही उभं करत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीपाशी खुर्चीत बसलो होतो. कारखान्याचा पाय काढून पलंगावर ठेवला होता. दुखत होतं. कठड्यांमधला डावा काटा चालूच राहिला होता, माझ्यापासून चार पावलांवर. रिकाम्या काट्यावर लाल आकडे होते, तीन सहाशे चाळीस. मी ते बघत बसलो होतो.

बायको फरशी पुसत आली. कुठल्याशा गिऱ्हाइकाची गंमत सांगत होती, हवाबंद डब्याचं झाकण न उघडताच आतला माल मोजून दे म्हणत होता म्हणे. बोलता बोलता ती कठड्यांत शिरली, काट्यापाशी आली आणि मान वर न करता म्हणाली, "पाय उचला."

आकडे शून्यावर गेले.

तिने काटा पुसला, हात मागे घेतला. आकडे पुन्हा तीन सहाशे चाळीस.

तेव्हा तिने वर बघितलं. कठड्यांत कोणी नव्हतं. मी चार पावलांवर खुर्चीत होतो आणि माझा एकुलता एक पाय खुर्चीखाली होता. तिने फडकं बादलीत पिळलं, जरा जास्तच वेळ. मग आत जाऊन कोरडं फडकं आणलं आणि तो काटा पुन्हा कोरडा केला.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"हो."

"तिथे उभं राहून राहून दुखणारच," ती म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

त्यानंतर घरात एक माणूस वाढल्यासारखं झालं. धुतलेले कपडे ती कठड्यांवर वाळत घालायची ते बंद झालं. खिडकीचं ऊन काट्यावर पडलं की ती पडदा ओढायची. मला मात्र राग यायला लागला. मी इथे, हा तिथे, आणि कळा मला. सात महिने हा ऐटीत उभा आहे आणि माझा गुडघा जायची वेळ आली. एका सकाळी असाच कळांनी हैराण होऊन मी कुबड्यांवर गेलो, काट्यावरचं तीन सहाशे चाळीस बघितलं आणि शून्याचं बटण दाबलं. लाल आकडे निमूटपणे शून्य झाले. बायको दारात होती.

"असं करायला नको होतं," ती म्हणाली.

पुढचे नऊ दिवस बेरीज नेमकी आली. एकाहत्तर दोनशे, रोज. व्यायामवाली खूश, म्हणाली बघा, काट्यातच काहीतरी होतं. आणि दुखणं दुपटीने वाढलं. आधी ते यायचं-जायचं, आता ते हलेना. बोटं आणखी आत वळली. माझं जेवण तुटलं. मी बायकोवर ओरडायला लागलो, मग त्याची लाज वाटून गप्प बसायला लागलो. कारखान्याचा पाय बांधला तरी डावा काटा चार किलोच्या पुढे जाईना. सहा आठवडे संपले. डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली आणि दोन दिवसांनी सकाळी दाखल व्हा म्हणून सांगितलं.

त्या सकाळी बायकोने पिशवी भरली. दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान, रिपोर्टांची फाइल. दुकानात अकरा काटे वजनमापाच्या सरकारी तपासनिसासाठी तयार होते. तपासणीआधी काटे तासभर चालू ठेवावे लागतात, म्हणून तिने ते भिंतीशी ओळीने मांडून चालू केले होते, मधल्या दारापासून थेट रस्त्याच्या दारापर्यंत. आम्ही दवाखान्यात असताना शेजारचे कुलूपवाले तपासनिसाला दाखवणार होते. दवाखान्यात कारखान्याचा पाय घेऊन यायला सांगितलं होतं. मी म्हटलं हातात कशाला न्यायचा, आणि पलंगावर बसून तो बांधला.

शेवटचा पट्टा ओढला आणि दुखणं थांबलं.

सात महिन्यांत पहिल्यांदा. खोटं कशाला बोलू, मला रडू फुटलं. मी तोंडावर हात धरून बसलो. बायकोला हाक मारणार, तेवढ्यात मला कळलं की ते थांबलेलं नाही. लांब चाललंय. रस्त्यावरून वाजत जाणारी गाडी लांब जाते तसं.

मी डाव्या काट्याकडे बघितलं. तो दाखवत होता उणे तीन सहाशे चाळीस.

रिकामा काटा शून्य दाखवतो. उणे दाखवतो तो एकाच कारणाने. शून्य केलं तेव्हा त्याच्यावर काहीतरी होतं आणि आता ते उतरलंय. नवे दुकानदार हीच चूक करतात, टोपली वर असतानाच बटण दाबतात आणि टोपली उचलली की काटा बिघडला म्हणून मला फोन करतात. किती जणांना झापलंय मी, की आधी वर काय आहे ते बघा, मग शून्य करा. मी तर बघितलं होतं. वर काय आहे ते मला ठाऊक होतं, तरी मी बटण दाबलं होतं.

उरलेल्या पायाचं टोक गार पडत होतं. मी गुडघा वाकवून बघितला. तो वाकेना. गारठा चार बोटं चढला होता आणि अजून चढत होता.

"अहो," दुकानातून बायकोचा आवाज आला, अगदी हळू. "इकडे या."

ती मधल्या दारात उभी होती. मी भिंत धरत एका पायाने तिथवर गेलो आणि तिच्या खांद्याला धरून उभा राहिलो. ओळीतल्या तिसऱ्या काट्यावर तीन सहाशे चाळीस होतं, बाकी सगळीकडे शून्य. मग तिसऱ्यावर शून्य झालं. चौथ्यावर तीन सहाशे चाळीस आलं.

रस्त्याचं दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन होतं, माणसं येत-जात होती.

"दार लावू?" बायकोने विचारलं.

"नको. कोंडून ठेवलेलं कोण राहतं?"

पाचवा काटा.

"मग बोला त्याच्याशी," ती म्हणाली. "माझं ऐकतो तो."

काय बोलणार? मी जन्मात कधी काट्याशी बोललो नव्हतो. माणसांशीही बेताचंच. सहावा काटा. मांडीपर्यंत गारठा आला होता.

"थांब," मी म्हटलं. "चुकलं माझं. तुला मोजायला पाहिजे होतं."

सातवा. तो थांबला नाही, पण सावकाश झाला.

मी निघालो. काय करतोय याचं भान नव्हतं. काटे मोजत होतो, एवढंच. मी तिसऱ्यापाशी, तो आठव्यावर. मी पाचव्यापाशी, तो नवव्यावर. सातव्यापाशी पोचलो आणि लक्षात आलं की बायकोचा खांदा मागेच राहिलाय. आणि कुबड्या आत पलंगापाशी आहेत.

तो अकराव्यावर होता. त्याच्यापुढे उंबरठा.

आकडे थरथरत होते. तीन सहाशे वीस, सहाशे चाळीस, सहाशे साठ. फार वेळ उभं राहिलेला पाय थरथरतो तसे.

"दमलास," मी म्हटलं. "मीपण दमलोय."

मी डावा पाय उचलला आणि त्या काट्यावर ठेवला. सावकाश. कोणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून ठेवतात तसा.

सगळं दुखणं एकदम परत आलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पाय काढला नाही.

भार टाकला. बारा किलो.

वीस.

एकतीस. गारठा उतरला. गुडघा माझा झाला.

आणि करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. मग त्याच्या पलीकडचं. अंगठ्याने वेळ घेतला. तो बाहेर आला तेव्हा मी लहान मुलासारखा हुंदका दिला आणि खाली बघितलं. सदतीस किलो चारशे वीस.

चौऱ्याहत्तर आठशे चाळीसचं बरोबर निम्मं.

बायको मागून आली. तिने आकडे वाचले, मनातल्या मनात दुप्पट केली आणि तिथेच उंबरठ्यावर बसली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. जरा वेळाने ती उठून आत गेली आणि पिशवीतले सदरे पुन्हा कपाटात लावले.

डॉक्टरांनी तपासलं, चालवून बघितलं, आणि असं कधी कधी अचानक होतं म्हणाले. ऑपरेशन रद्द केलं. व्यायामवालीने मला दुकानभर फिरवलं, मग रस्त्यावर, मग जिन्यावर, आणि शेवटच्या दिवशी ती रडली. मी तिला म्हटलं, रडायला काय झालं, काका मेला का? गेल्या महिन्यात मी ट्रकच्या काट्याखालच्या खड्ड्यात उतरलो. जॅक मात्र दोनदा तपासला. वातावरण बदललं की तळवा अजून ठणकतो, पण ते कोणाचंही ठणकतं. दवाखान्यातली नर्स दर खेपेला माझं वजन घेते आणि म्हणते, वाढलंय हो, गोड कमी करा. मी मान डोलावतो. साखर मी केव्हाच सोडली आहे.

एकच गोष्ट राहिली. डावे मोजे फाटायला लागले. उजवे धड, डावे पुढून फाटलेले, आतून बाहेर, अंगठ्याच्या जागी. कारखान्याचं पाऊल रबराचं आहे. पुढून गुळगुळीत, एकसंध, बोटं म्हणून त्याला नाहीतच. बायकोने तीन मोजे रफू केले आणि चौथा केराच्या टोपलीत टाकला.

काल रविवार होता. संध्याकाळी मी नेलकटर शोधत होतो, कारण उजव्या पायाची नखं महिनाभर कापली नव्हती. ते पलंगाशेजारच्या खिडकीत सापडलं. उघडलं तर त्याच्या पात्यात नखाचा एक तुकडा अडकलेला होता. जाड, पिवळट, अंगठ्याचा. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख तर वाढलेलंच होतं. बायको समोर बसून भाजी निवडत होती. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग पुन्हा भाजीकडे.

"दुपारी तुम्ही झोपला होतात ना, तेव्हा कापलं," ती म्हणाली. "उगाच जागं कशाला करायचं."

झोपताना मी कारखान्याचा पाय काढतो आणि बाहेर दुकानात ठेवतो.